आपला सूर, आपला प्रहर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावाहून कोणी विदुषी याव्यात, त्यांनी विचार मांडावेत आणि आपण ते ऐकून, चहा घेऊन घरी जावे, असा आपला आजवरचा रिवाज. यंदा चिटणीसबाईंच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी मलाच उभे केले. "तुम्ही पुण्याला जाऊन पाच दिवस गाणे ऐकून आलात ना, त्याविषयी सांगा," म्हणाल्या. मी पुष्कळ आढेवेढे घेतले. गाणाऱ्याने बोलावे हे ठीक. ऐकणारीने काय बोलायचे? पण मग वाटले, की आपल्यापैकी बहुतेक जणी ऐकणाऱ्याच आहोत. आणि त्या ऐकण्यामुळे आपल्या भजनात थोडा फरक पडला, हे तुम्ही पाहिलेच आहे. तो कसा पडला तेवढे सांगते, आणि शेवटी एक मागणे मागते.

माझे माहेर आचऱ्याचे. गुढीपाडव्याला रामेश्वराच्या देवळात रामनवमीचा उत्सव सुरू झाला, की आमच्या गावाचे रूपच पालटे. रामेश्वर तिथला इनामदार, म्हणून उत्सवाचा थाटही संस्थानी. पालखी, पुराण, कीर्तन, आणि गायन-वादनाच्या बैठकी. नामवंत गवई येऊन देवापुढे हजेरी लावून जात; अजूनही जातात. लहानपणी माझी समजूत होती, की आंब्याला मोहोर येतो तसे चैत्रात गवई येतात, आणि तेही झाडावरूनच उतरत असावेत.

माझ्या आईला गाण्याचा फार नाद. पण त्या उत्सवात तिने एकही बैठक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली नाही. घर पाहुण्यांनी भरलेले. ती खांबाला टेकून बसे, डोळे मिटून घेई, आणि अर्धा तास झाला नाही तोच कोणीतरी येऊन कानाशी लागे, "गो, पावण्यांची पाना मांडूक व्हयी." ती उठे. मग रात्री बाबा घरी आले, की त्यांना विचारी, "मगे फुडे काय झाला?" एखाद्या गोष्टीचा शेवट विचारावा तसे. बाबा टोपी खुंटीला लावत म्हणत, "फुडे काय होतला? गायलो आणि उठलो."

हे मला तेव्हा विनोदाचे वाटे. लग्न होऊन मालवणात आले, संसारात पडले, आणि मग कळले, की मीही तशीच ऐकते आहे. आधी रेडिओ फळीवर, मग टेपरेकॉर्डर, आता मोबाईल; गाणे तिकडे आणि लक्ष भाताकडे. विलंबित ख्याल सुरू झाला की कुकरची शिट्टी, द्रुत आला की दारावर मासेवाली. यूट्यूबवर आज हवे ते गाणे मिळते हे खरे. पण जे केव्हाही मिळते, त्यासाठी आपण केव्हाच बसत नाही.

आता सप्ताहाचे सांगते. सप्ताह म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगावे? सात दिवस देवापुढची समई विझू द्यायची नाही आणि नाम थांबू द्यायचे नाही. वाडी-वाडीचे पहारे लागलेले. एक मंडळ उठते न उठते तोच दुसरे टाळ उचलते. मला वाटते, एकामागून एक अनेकांचे गाणे ऐकण्याची खरी शाळा आपल्या मुलुखात हीच. रूपाचा अभंग तोच, पण एका वाडीचे बुवा तो संथ लावतात, दुसरे पहिल्याच ओळीला पखवाज अंगावर घेतात. गजर कोणाचा चढतो, गौळण कोणाची गोड, यावर दुसऱ्या दिवशी विहिरीवर चर्चा. डबलबारीला आपली माणसे किती लांबून येतात हे तर ठाऊकच आहे.

अशाच एका गावच्या सप्ताहात २०२२ च्या श्रावणात आपल्या मंडळाला पहिल्यांदा पहारा मिळाला. गावाचे नाव घेत नाही. पहारा दुपारी दोनचा. देवळात माणसे किती? चार म्हातारे, त्यांतले दोन निजलेले, आणि सोवळ्यात उभे असलेले भटजी. आपल्याकडे पेटीवाला नव्हता, म्हणून एका मंडळाने आपला मुलगा दिला. मुलगा गुणी, पण त्याने पेटी धरली ती त्याच्या बुवांच्या नेहमीच्या पट्टीत, काळी एकमध्ये. आम्हांला विचारावे हे त्याला सुचले नाही, आणि त्याला सांगावे हे आम्हांला सुचले नाही. पुढे जे झाले ते चौदा जणींना आठवत असेल. खाली गावे तर आवाज विहिरीतून यावा तसा; वरच्या सप्तकात जावे तर अंतऱ्याला किंचाळी. गौळणीला पोचेपर्यंत आमच्यातल्या निम्म्या जणी नुसते ओठ हलवत होत्या. बाहेर मुले हसत होती. परत येताना रिक्षेत कोणी बोलले नाही. मी तर मनाशी ठरवले होते, की आपल्याला फुगड्या येतात, झिम्मा येतो, तो करावा. भजन हे काही आपले काम नव्हे.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही तिघी पुण्याला गेलो. माझी भाची तिथे असते. तिने सवाई गंधर्व महोत्सवाची पाच दिवसांची तिकिटे काढून ठेवली आणि मग मला कळवले. आधी विचारले असते तर मी नाही म्हटले असते, हे तिला माहीत होते. घरी सांगितले, तेव्हा आमच्याकडून प्रश्न आला, "पाच दिवस गाणा आयकान कंटाळो नाय येवचो?" मी म्हटले, येईल तर येईल, कंटाळा तरी पूर्ण येऊ दे. आजवर तोही अर्धाच आला आहे. सासूबाई आतून म्हणाल्या, "तू जा. घराचा मी बगतंय." त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही.

फोंडाघाट चढून, कोल्हापूरवरून रात्रभर एस.टी.चा प्रवास करून पुण्यात उतरलो. दमट हवेतल्या आपण माणसे. तिथली डिसेंबरची थंडी हाडांत शिरली.

या महोत्सवाची हकिगत थोडक्यात सांगते, कारण ती समजली नाही तर पुढचे समजणार नाही. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. धारवाडकडच्या कुंदगोळचे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे त्यांचे गुरू. मराठी संगीत नाटकांतून त्यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि नाव मिळवले. १९५२ साली ते वारले. गुरूच्या आठवणीसाठी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही गुरुबंधु-भगिनी मंडळी तिथे वर्षानुवर्षे गायली. पुष्कळ वर्षे तो रमणबाग शाळेच्या मैदानावर होत असे. २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. भीमसेनजी २०११ च्या जानेवारीत गेले, आणि महोत्सवाच्या नावात गुरूच्या शेजारी शिष्याचे नाव आले. करोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे तो झालाच नव्हता. आम्ही गेलो तो त्यानंतरचा पहिला, क्रमाने अडुसष्टावा. त्यामुळे लोक उपाशी माणसे पंगतीला यावीत तसे आले होते.

मांडव एवढा मोठा, की आपले सारे मंडळ त्याच्या एका कोपऱ्यात हरवावे. पुढे भारतीय बैठक, बाजूंना खुर्च्या. आम्ही बैठकीत बसलो. गुडघ्यांनी तक्रार केली, पण रामेश्वराच्या देवळात बसल्यासारखे वाटले. माणसे थर्मास, शाली, डबे घेऊन आलेली. दुपारी तीनच्या सुमाराला सनईने आरंभ झाला, आणि रात्री दहापर्यंत एकामागून एक गायक, वादक. अशा पाच दिवसांत वीसावर कलाकार ऐकले. त्यांची नामावळी मी इथे वाचणार नाही. वर्तमानपत्रांत ती येतच असते. मला काय उमगले ते सांगते.

पहिल्या दिवशी सुमारे तासाभराने माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. प्रत्येक कलाकार आला, की आधी तंबोरे जुळत. पाच मिनिटे, कधी दहा. हजारो माणसे बसलेली, टाळ्या वाजून गेलेल्या, आणि गायक शांतपणे कान तारेशी लावून बसलेला. आधी पुरुषाचे गाणे झालेले असले आणि नंतर बाई बसल्या, तर सगळेच बदले. तंबोरे वेगळे. तबलजी आधीचा तबला बाजूला ठेवून लहान तोंडाचा, चढ्या सुराचा तबला पुढे ओढी, हातोडीने ठोकून बाईंच्या षड्जाला लावी. पेटीवाले बाईंकडे बघत, बाई नुसती मान हलवत, आणि पट्टी ठरे. मालकंस गायचा असेल, तर त्यात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमाला उतरवून घेत. म्हणजे नुसती पट्टीच नव्हे, त्या रागापुरती तारसुद्धा आपल्याला हवी तशी लावून घ्यायची. आणि एवढे सगळे झाल्याशिवाय कोणी तोंड उघडत नव्हते. दुसऱ्याच्या सुरात गायला कोणीही बसले नाही. कालचा नवखा मुलगाही नाही.

मला दोनचा पहारा आठवला, आणि खरे सांगते, मांडवात बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आले. शेजारच्या बाईंना वाटले, मी गाण्याने भारावले. आम्ही बेसूर नव्हतो हो! आम्ही दुसऱ्याच्या पट्टीत उभ्या होतो, एवढेच. आणि ती आपली नाही, हे सांगायला आमच्या तोंडात जीभ नव्हती.

त्या शेजारच्या बाई पुण्याच्याच, सत्तरी उलटलेल्या, अनेक वर्षांच्या श्रोत्या. त्यांच्याशी ओळख झाली. पूर्वी हा उत्सव रात्रभर चाले, पहाटे तोडी, ललत, भैरव ऐकून माणसे दूध घेऊन घरी जात, आणि शेवटी भीमसेनजी गायला बसत, हे त्या सांगत होत्या. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहाची मर्यादा पडली. एखाद्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत परवानगी मिळते, तेवढीच. त्यांची हळहळ मला आधी कळली नाही. नियम चांगलाच आहे, आजारी माणसांना, मुलांना झोप हवीच. पण जसजसे ऐकत गेले तसतसे त्यांचे म्हणणे पटले. आपल्याकडे दिवसरात्रीचे आठ प्रहर, आणि रागांना प्रहर नेमून दिलेले. दुपारी आम्ही भीमपलास, मुलतानी, पटदीप ऐकले. दिवेलागणीला मारवा, पूरिया धनाश्री. मग यमन, शुद्ध कल्याण. उशिरा बागेश्री, बिहाग. रविवारी भर दुपारी बैठक सुरू झाली तेव्हा सारंग ऐकायला मिळाला. आधीच्या गायकाने यमन मांडला असला, की पुढचा तो पुन्हा घेत नाही, वेगळी वाट काढतो. म्हणून एकेक सुटे गाणे ऐकले तर जे कळत नाही, ते ओळीने ऐकले की कळते. संध्याकाळ कशी उतरत गेली हे घड्याळ न बघता समजते. फक्त मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग त्या ओळीतून गळून गेले आहेत. सहा महिने अंगणात ऊन यावे आणि सकाळ मात्र कधी दिसू नये, तसे.

आता कबुली देते. तिसऱ्या दिवशी मी झोपले. सतार चालली होती, वादक मोठे नामांकित, आणि मी भिंतीला नव्हे, तर शेजारच्या त्या बाईंच्या खांद्याला टेकून घोरत होते. जागी झाले तर टाळ्या पडत होत्या. फार लाज वाटली. त्या म्हणाल्या, "वाटून घेऊ नका. पहिल्या वर्षी सगळ्यांचे असेच होते. पंगतीत सगळे पदार्थ वाढले म्हणून सगळे खायलाच हवेत असे नाही." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा नियम धरला. एक गाणे जीव लावून ऐकावे, मग बाहेर जाऊन चहा प्यावा, चार पावले चालावे, कान रिकामा होऊ द्यावा. ऐकण्यालाही उपास लागतो. त्यानंतरची दोन दिवसांची गाणी मला आजही आठवतात. पहिल्या दोन दिवसांतली मात्र एकमेकांत मिसळून गेली आहेत.

आवाजांविषयी एक सांगायचे राहिले. एवढे गळे एकामागून एक ऐकले, की गोड गळा म्हणजेच गाणे, ही समजूत राहत नाही. कोणाचा आवाज धारदार, कोणाचा खरखरीत, कोणाचा भरघोस, कोणाचा थोडा बसलेला. प्रत्येकाने आपल्या आवाजाचे काहीतरी केले होते. त्या शेजारच्या बाई मला वारंवार गंगूबाईंचे सांगत. गंगूबाई हनगल यांच्या तरुणपणच्या ध्वनिमुद्रिका गांधारी या नावाने निघाल्या होत्या, त्यांत आवाज पातळ आणि चढा आहे. पुढे घशाच्या गाठींवर उपचार झाले आणि आवाज जड, जवळजवळ पुरुषी झाला. दुसरी एखादी गप्प बसली असती. त्यांनी त्या आवाजाला साजेशी खालची पट्टी धरली, आणि त्याच आवाजाने साठ वर्षांवर गायल्या. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००९ साली त्या गेल्या. आणि शिकल्या कशा? हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे जायच्या, शिकवणी आटोपून रात्रीच्या गाडीने परत. त्या वेळी गुरूंच्या घरी राहून शिकणारे भीमसेन त्यांना स्टेशनवर पोचवायला जात. घरी मुलेबाळे, पाठीमागे पैसा नाही, जातीवरून लोकांची बोलणी. आणि तरीही रात्रीची गाडी चुकवली नाही. "बायकांनी अवेळी कशाला जावे" हे वाक्य मी तेव्हापासून ऐकून घेते, पण मनावर घेत नाही.

शेवटच्या रात्री सारे संपल्यावर लोक उठले नाहीत. मला नवल वाटले. मग सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याचा आवाज सर्वांत शेवटी, कर्ण्यातून. अलीकडे पुष्कळ वर्षे प्रभा अत्रे यांच्या गाण्याने सांगता होऊन मग ही ध्वनिमुद्रिका लागत असे. २०२४ च्या जानेवारीत त्याही गेल्या. एवढा मोठा मांडव, आणि टाचणी पडली तर ऐकू यावी. माझ्या मनात एकच आले: आई, फुडे काय झाला, ते आज कळले. पाच दिवस मला कोणी पाने मांडायला उठवले नव्हते.

घरी आले. सासूबाईंनी विचारले, "काय आयकलंस?" मी म्हटले, "आये, पेटीची पट्टी." त्यांना वाटले, पुण्याची थंडी डोक्यात गेली.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. संक्रांतीनंतर आपण सगळ्या जमलो आणि दोन संध्याकाळी दुसरे काही न करता नुसती पट्टी शोधली. पेटीचे एकेक पान दाबून, चौदा जणींनी 'सा' लावून बघितला. काहींना पांढरी पाच सोयीची, काहींना काळी पाच. शेवटी काळी चार सर्वांच्या गळ्यात बसली. ज्यांना वरचा अंतरा जात नाही त्यांनी ध्रुवपदाला उचलून धरायचे, ज्यांचा आवाज जड त्यांनी झील द्यायची, असे वाटून घेतले. आपल्यातल्याच एकीने पेटी शिकायला घेतली. पहिले चार महिने तिच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी जे सोसले, त्याबद्दल मंडळाच्या वतीने त्यांचे आभार. मी गात असताना मला जड आवाजवाल्यांत बसवले, याचे आधी वाईट वाटले होते. आता वाटत नाही.

२०२३ च्या श्रावणात त्याच देवळात पुन्हा दोनचा पहारा मिळाला. या वेळी पेटी आपली, पट्टी आपली. सुरुवात करण्यापूर्वी आपण पखवाजवाल्या बुवांना नम्रपणे म्हटले, "जरा थांबा, आधी सूर लावून घेऊ." त्यांनी भुवया उंचावल्या, पण कणीक लावून पखवाज नीट जुळवून दिला. निजलेल्या दोघा म्हाताऱ्यांपैकी एक उठून बसले. गौळणीला बाहेरची मुले आत आली. निघताना ते आजोबा म्हणाले, "गेल्या वर्षी ती दुसरी बायली होती मा?" आपण हसलो, पण तेवढी पावती मला पद्मविभूषणाइतकी वाटली.

सूर मिळाला, आता राहिला प्रहर, आणि हेच माझे मागणे.

दरवर्षी आपल्याला दुपारी दोनचा पहारा मिळतो. कोणी मुद्दाम देते असे मी म्हणत नाही. दुपारी पुरुष कामावर असतात, कोणीतरी बसायला हवे असते, आणि बायका तेवढ्या वेळात मोकळ्या असतात, असा हिशेब. आपण कधी दुसरा मागितलाच नाही, म्हणून तोच आपला झाला. माझी सूचना अशी, की यंदा आपण पहाटे तीन ते सहाचा पहारा मागावा.

पहाटेचा का? एक तर तो कोणाला नको असतो, सगळ्यांना झोप अनावर होते. भांडण होणार नाही. दुसरे, रात्री दहानंतर कर्णा बंद असतो, आणि कर्ण्याशिवाय, शांत देवळात, मानवी गळा जितका चांगला ऐकू येतो तितका कधीच येत नाही. आणि तिसरे कारण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे. पहाटे गाणे हे बायकांचेच काम होते. आपल्या आज्या पहाटे उठून जात्यावर बसत आणि ओव्या म्हणत. त्यांना पट्टी कोणी ठरवून दिली नव्हती. जात्याची घरघर हाच त्यांचा तंबोरा, आणि जिचा गळा जसा तसा तिचा षड्ज. त्या ओव्या ऐकायला कोणी मांडव घातला नाही, तिकीट लावले नाही. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि पहाटेचे गाणे बंद पडले. पुण्याच्या त्या मोठ्या उत्सवालाही पहाट राहिली नाही. आपल्या सप्ताहाला अजून आहे. मग ती आपण का सोडावी?

अडचणी येतील, त्या मी मोजल्या आहेत. काळोखात जायचे कसे? चौदा जणी आहोत, दोन रिक्षा होतील. सकाळची न्याहारी कोण करील? सहाला भजन संपते, सात वाजता आपण घरी; आणि एक दिवस कोणी आपला चहा आपण उकळला, तर दूध फाटणार नाही. ज्यांना जमणार नाही त्यांच्यावर सक्ती नाही. आणि ज्यांच्या घरी "अवेळी कशाला" असा प्रश्न येईल, त्यांनी मला बोलवावे. मी येऊन हुबळीच्या रात्रीच्या गाडीची गोष्ट सांगेन.

दुसरी एक लहानशी सूचना. दरवर्षी आपल्यापैकी दोघींनी कुठल्या तरी उत्सवात जाऊन, बसून, सलग ऐकून यावे, आणि परत येऊन इथे सांगावे. पुणे दूर पडेल, खर्चही आहे. पण आचऱ्याची रामनवमी एस.टी.च्या तासाभराच्या अंतरावर आहे. जाणाऱ्या दोघींच्या घरची पाने त्या दिवशी इतर बारा जणींनी मांडावीत. ज्यांनी आजवर अर्धेच ऐकले, त्यांना आधी पाठवावे. पहिली नावे सुचवायची झाली, तर आपल्या वडीलधाऱ्यांपैकी सुचवा.

सप्ताहाच्या पहाऱ्यांची वाटणी आषाढात होते, तेव्हा फार वेळ नाही. पुढच्या सोमवारच्या सभेत चिटणीसबाई वही घेऊन बसतील. ज्या पहाटे यायला तयार असतील त्यांनी आपले नाव द्यावे. आठ नावे झाली तरी मी स्वतः जाऊन पंचांकडे अर्ज देईन. पहिले नाव माझ्या सासूबाईंचे आहे. त्यांना काल विचारले तर म्हणाल्या, "तीनाक कित्याक, माका दोनाकच जाग येता."